बिनफायलीचे नामदार

सामाजिक न्याय खात्याला दोन मंत्री असतात. एक कॅबिनेट मंत्री, त्यांच्याकडे खातं असतं. दुसरे आमचे भाऊ, राज्यमंत्री. त्यांच्याकडे खात्याची पाटी असते.

भाऊ मंत्री झाले ते गणितानं. २००३ सालच्या ९१व्या घटनादुरुस्तीनं मंत्र्यांच्या संख्येला सभागृहाच्या पंधरा टक्क्यांचं कुंपण घातलं. म्हणजे २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसकट ४३ खुर्च्या. त्यामुळे जिल्हा, जात, गट आणि रुसवा या चारही रकान्यांत बसणारा माणूस शोधावा लागतो. भाऊ चारही रकान्यांत बसले. रुसव्याच्या रकान्यात तर ऐसपैस. सामाजिक न्यायाचं त्यांना काय वाटतं, हे कुणी विचारलं नाही. त्यांनीही आपणहून सांगितलं नाही.

शपथ दोन गोष्टींची असते, पदाची आणि गोपनीयतेची. दुसरी शपथ भाऊंइतकी कडक आजवर कुणी पाळली नसेल, कारण त्यांना कुणी काही सांगतच नाही. मंत्रिमंडळाच्या बैठकीला त्यांना खास बोलावणं आलं तरच जाता येतं. एरवी बैठकीत काय ठरलं हे त्यांना टीव्हीवर कळतं, आणि त्यानंतर पाच मिनिटांनी त्याच टीव्हीवर ते त्या निर्णयाचं स्वागत करतात.

लेटरहेडवर मात्र सामाजिक न्यायाच्या शेजारी आणखी पाच खाती आहेत. मजकुराला जागा उरत नाही, पण त्याची फारशी गरजही पडत नाही. सहा खात्यांचे सहा कॅबिनेट मंत्री, म्हणजे एका सुनेला सहा सासवा. कोणती सासू कोणती किल्ली देणार, याचे आदेश निघायचे असतात. ते ‘लवकरच’ निघणार असतात. तोवर फाईल कक्ष अधिकाऱ्याकडून अवर सचिवाकडे, तिथून उपसचिवाकडे, मग सचिवाकडे चढत जाते आणि भाऊंच्या दालनावरून पुढे निघून जाते. राज्यमंत्र्यांना अधिकार मिळत नाहीत ही तक्रार कुठल्याही सरकारात ऐकू येते. सरकार बदलतं, तक्रार करणारे बदलतात, तक्रार तीच. भाऊ कॅबिनेट मंत्री झालेच, तर ते आपल्या राज्यमंत्र्याला काय देतील? काहीही नाही, यावर मी पैज लावायला तयार आहे.

भाऊंचा खरा हंगाम अधिवेशनाचा. नागपूरला कॅबिनेट मंत्री रविभवनात उतरतात आणि राज्यमंत्री नागभवनात. पायरी तिथूनच कळते. पण सभागृहात अडचणीचा तारांकित प्रश्न आला की कॅबिनेट मंत्र्यांना नेमकं वरच्या सभागृहात काम निघतं आणि भाऊ उभे राहतात. शिष्यवृत्ती रखडली हे खरे आहे काय? भाऊ वाचतात, “अंशतः खरे आहे.” वसतिगृहात आमटीच्या नावाखाली पाणी देतात हे खरे आहे काय? “अंशतः खरे आहे.” म्हणजे पाणी होतं, एवढं खरं. उपप्रश्न आला की भाऊ अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे बघतात. तिथून चिठ्ठी निघते, पण ती पोचेपर्यंत चार वाक्यं स्वतःची बोलावी लागतात. भाऊंनी ती घडवून ठेवली आहेत: “सन्माननीय सदस्यांच्या भावना शासनाच्या लक्षात आल्या आहेत. अधिवेशन संपण्यापूर्वी बैठक लावू. दोषींची गय केली जाणार नाही. माहिती पटलावर ठेवतो.” विरोधक ओरडतात, “कॅबिनेट मंत्र्यांना बोलवा!” प्रश्न राखून ठेवला जातो. भाऊ खाली बसतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पेपर पुढे ढकलला गेलेल्या विद्यार्थ्याचं समाधान असतं.

मतदारसंघात हेच भाऊ ‘नामदार’ होतात. गाडीवरचा लाल दिवा १ मे २०१७ पासून गेला, पण जेसीबीतून फुलं उधळण्यावर कुणी बंदी आणलेली नाही. २६ जूनला, शाहू महाराजांच्या जयंतीला, सामाजिक न्याय दिन असतो. त्या दिवशी भाऊ वसतिगृहाला ‘अचानक’ भेट देतात. अचानक म्हणजे पत्रकारांना आदल्या संध्याकाळी कळतं आणि गृहपालाला त्याच्याही आधी. खिडक्यांना पडदे लागलेले असतात, आमटीत डाळ सापडते. भाऊ मुलांच्या पंगतीत बसतात, एक घास खातात आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, “चव चांगली आहे, पण सुधारणेला वाव आहे.” मुलं त्या दिवशी दुसऱ्यांदा वाढून घेतात. तेवढा सामाजिक न्याय मात्र खरोखर होतो.

आता भाऊंची बाजूही सांगायला हवी. मंत्रालयात माणसाचं पूर्ण ऐकून घ्यायला वेळ असलेला मंत्री हा एकच. पस्तिशीतली विधवा येते. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये थांबलेले असतात. मुळात या मदतीसाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं, म्हणजे महिन्याला १,७५०. इतक्या पैशांत जगता येत नाही हे कुणीही सांगेल, पण योजना म्हणते, जगून दाखवा, आणि हयातीचा दाखलाही आणा. भाऊ तिला चहा पाजतात, सगळं ऐकतात, अर्जाच्या कोपऱ्यात ठसठशीत शेरा मारतात: ‘तपासून नियमानुसार कार्यवाही करावी.’ नियमानुसारच तर पैसे थांबलेले असतात. पण बाई जाताना दोन्ही हात जोडते आणि भाऊंचा घसा दाटतो. ते खोटं नसतं. या खात्याचा लाभार्थी भाऊंना आतून कळतो, कारण तेही पात्र ठरलेले आहेत, मंजूर झालेले आहेत, यादीत त्यांचं नाव आहे आणि लाभ अजून जमा व्हायचा आहे.

तेव्हा तुमचं काही काम असेल तर भाऊंना जरूर भेटा. निवेदन द्या, पोच घ्या, चहा घ्या, फोटो काढा. फक्त घरून निघताना अर्जाची एक प्रत जास्तीची करा आणि ती तहसील कचेरीत संजय गांधी शाखेच्या कारकुनाकडे देऊन या. शक्यतो आधी तीच.