विलीन कंपनीत वैमानिक कसे व्हावे : खासबागच्या नवशिक्यासाठी

पोरा, बेळगावात सांबऱ्याच्या धावपट्टीवर शिकलास, परवाना घेऊन खासबागला आलास, आईनं दृष्ट काढली. विमान उडवायला लागतं ते सगळं तुला येतं. नोकरी टिकवायला लागतं ते कोणी शिकवलेलं नाही, विशेषतः दोन कंपन्यांची एक झाली तर कसं वागायचं हे. महाराष्ट्रात विलीनीकरण मागावं कसं, हे बेळगावकराला १९५६ पासून तोंडपाठ आहे. झाल्यावर दुसऱ्या दिवशी काय होतं, याचा अनुभव मात्र गल्लीत कोणालाच नाही. म्हणून हे टिपण.

पहिल्याच दिवशी आपली जात ठरव. विमान नीट उतरवतोस का, असं कोणी विचारणार नाही. मूळचा कुठल्या कंपनीचा, हे विचारतील. २००७ साली सरकारनं एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या. कंपनी एक झाली, वैमानिकांच्या संघटना दोनच राहिल्या. एअर इंडियावाल्यांची गिल्ड, इंडियन एअरलाइन्सवाल्यांची आयसीपीए. गिल्डमध्ये असलास तर लंडन-न्यूयॉर्कच्या खालचं बोलू नकोस. आयसीपीएत असलास तर भर पावसात आखूड धावपट्टीवर दिवसातून चारदा विमान टेकवणं हेच खरं काम, असं सांगत राहा. दोन्ही म्हणणी खरी आहेत. ते कँटीनमध्ये कबूल करायचं नाही, एवढंच.

आता पगार. हा धडा तुला सोपा जाईल. मागावरून साडी उतरली तर मजुरी, वीज गेली की बसा हात चोळत, हे विणकराच्या घरात पाहिलंयस. वैमानिकाचीही बरीच कमाई उड्डाणाच्या तासांवर असते. फक्त त्यातले काही तास हमीचे. विमान उडो न उडो, तेवढे पैसे ठरलेले. पगाराची सगळी भांडणं या हमीपाशी येऊन थांबतात. आपले तास मोजून पैसे मिळतात आणि शेजारच्याला न मोजता, या रागातून इंडियन एअरलाइन्सवाले एप्रिल २०११ मध्ये संपावर गेले, ते दहा दिवस. कंपनीनं संघटनेची मान्यता काढली आणि सरकारनं न्यायमूर्ती धर्माधिकारींची समिती नेमली.

पुढच्या वर्षी गिल्डची पाळी. बोइंगची नवी ड्रीमलायनर विमानं यायची होती. त्यांचं प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सवाल्यांनाही द्यायचं म्हणताच मे २०१२ मध्ये गिल्डवाले आजारी पडले. संप हा शब्द वापरायचा नसतो हे लक्षात ठेव. साथ आल्यासारखं एकाच दिवशी आजारी पडायचं. हे आजारपण ५८ दिवस चाललं, शंभरच्या आसपास वैमानिक बडतर्फ झाले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. पहिलं ड्रीमलायनर आलं सप्टेंबरात. म्हणजे भांडायला विमान हजर असावं लागतं, असं काही नाही.

खांद्यावरच्या पट्ट्या मात्र नीट मोज. तीन म्हणजे सहवैमानिक, चार म्हणजे कॅप्टन. एका कंपनीत चौथी पट्टी लवकर मिळायची, दुसरीत केस पिकत आल्यावर. मग एकत्र यादीत वर कोण? जास्त वर्षं झालेला, की आधी कॅप्टन झालेला? कोणतं विमान, कोणती सुट्टी, पुढची बढती, सगळं त्या यादीतल्या क्रमांकावर. पैशाचा फरक थकबाकी देऊन मिटवता येतो. कालपर्यंत ज्याला धाकटा समजलास तो आज उजवीकडे बसायला सांगतो, त्यावर थकबाकी नाही. माझ्या मते निम्मं भांडण इथलं होतं. पगार हे त्याचं सभ्य नाव.

मालक बदलल्यावर काय करावं? जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे गेली. २०२३ मध्ये पगाराच्या नव्या अटी आल्या आणि गिल्ड व आयसीपीए, दोघींनी मिळून त्या नाकारल्या. जे सरकारला आणि समितीला जमलं नाही, ते एका करारपत्रानं केलं!

पाठोपाठ विस्तारा, टाटांचीच दुसरी विमान कंपनी, एअर इंडियात यायची ठरली. तिथल्या वैमानिकांची ७० तासांची हमी ४० वर आली, आणि २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये विमानं रद्द होऊ लागली. आजारपणाची पद्धत तुला आता ठाऊक आहे. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. तिच्या उड्डाणांना दोनने सुरू होणारे चार आकडी क्रमांक दिले, म्हणजे कोण कुठला हे प्रवाशालाही कळावं.

तर आता एक काम कर. नेमणूकपत्र मिळालं की रुजू झाल्याच्या तारखेखाली शिक्का मारून घे, गोवावेसला जाऊन चार झेरॉक्स काढ आणि एक प्रत आईच्या कपाटात ठेव. कंपनीच्या दप्तरातली प्रत पुढच्या विलीनीकरणात सापडणार नाही.