चटकेभाऊ

मार्च लागला की आमच्या संभाजीनगरात दोन गोष्टी तापतात. एक रस्ते, दुसरे शेवटच्या वर्षाच्या पोरांच्या प्रोजेक्टचे सर्किट बोर्ड. रस्त्यांना इलाज नाही. बोर्डांना चटकेभाऊ आहेत.

चटकेभाऊ हा एक इसम नव्हे, जमात आहे. पैठण गेट ते गुलमंडी कुठल्याही जिन्याखाली, सोल्डरच्या धुरात, चष्मा कपाळावर चढवून ती बसलेली असते. समोर मल्टिमीटर असतो, पण तो गिऱ्हाइकाच्या समाधानापुरता. खरं यंत्र म्हणजे उजव्या हाताची तर्जनी. ती चिपवर टेकवायची नि रोग सांगायचा. ‘कोमट’ म्हणजे चालतंय. ‘चहाचा ग्लास’ म्हणजे वायरी बघा. आणि बोट झटक्यात कानाच्या पाळीला गेलं, की पेशंट गेला.

परवा भाच्याला घेऊन अशाच एका भाऊंकडे गेलो. त्याचा प्रोजेक्ट म्हणजे कुंडीतल्या झाडाला आपोआप पाणी. नळाची आठवडाभर वाट पाहणाऱ्या गावात असलं काही सुचायला विशीच लागते. त्याचं आर्डुइनो उनो बोर्ड मेलं होतं. हिरवा दिवा लागत नव्हता, अंग मात्र इस्त्रीसारखं.

“काय केलं होतंस?”

“काहीच नाही केलं, भाऊ. आपोआप झालं.”

भाऊंनी मान डोलावली. हे वाक्य ते हंगामात रोज ऐकतात, पोटदुखीच्या पोरांकडून डॉक्टर ऐकतात तसं.

5 व्होल्ट आणि ग्राउंडला मीटर लावला. मीटर बोंबलला. शॉर्ट! मी बोर्डावरच्या रेग्युलेटरकडे बोट दाखवलं, कारण तो तापतो एवढं मीही ऐकून होतो. “त्याला नका धरू, साहेब. बारा व्होल्ट घेतो, पाच देतो, मधले सात बिचारा अंगावर काढतो. तापणारच.” मग कापसानं बोर्डावर स्पिरिट फिरवून भाऊंनी बेताबेतानं वीज सोडली. जिथलं आधी सुकेल तिथं चोर. सुकली ती मधली 28 पायांची लांबट चिप. तरी भाऊंनी बोट टेकवलंच. गेलं कानाला!

“पंप कशाला जोडला होता?”

भाचा चपला न्याहाळू लागला. “पिनला.”

“डायरेक्ट?”

“…थोडा वेळच.”

“बाबा, त्या पिनची ऐपत फार तर 40 मिलिअँपिअर! मध्ये ट्रान्झिस्टर नाही, डायोड नाही. बालवाडीतल्या पोराच्या डोक्यावर सिमेंटची गोणी दिलीस तू.”

स्क्रू-ड्रायव्हरनं चिप उचकटली. मीटर गप्प. वीज दिली, हिरवा दिवा लागला. “सॉकेटवाला होता म्हणून वाचला,” म्हणत भाऊंनी बूटलोडर भरलेली नवी चिप बसवली, पैसे मोजले आणि पुढच्या पोराकडे वळून विचारलं, “काय केलं होतंस?”

“काहीच नाही, भाऊ.”

रस्त्यावर येताच भाच्यानं आईला फोन लावला. “अगं, चिपच डुप्लिकेट निघाली. मामाला विचार हवं तर.”