लाइट बिल कुणाच्या नावावर?

पुण्यात भाड्याचं घर मिळतं. त्या घरात आपण राहतो हे सिद्ध करता करता मात्र घाम फुटतो.

आम्ही नागपूरहून बदलीवर आलो. ट्रकमधून सामान उतरलं, देव मांडले, हिने दूध उतू घालवलं. आमच्या मते आम्ही राहायला आलो होतो. बाकी कुणाला ते मान्य नव्हतं.

नागपूर सोडताना सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घेतलं होतं. लग्नाच्या सुमारास भरलेलं डिपॉझिट जसंच्या तसं परत मिळालं. ना व्याज, ना महागाई भत्ता. इथे मात्र तसाच 14.2 किलोचा सिलिंडर आजच्या डिपॉझिटवर. तेही द्यायला मी तयार होतो, पण काउंटरवरच्या बाईंनी वर न बघता विचारलं, "पत्त्याचा पुरावा?"

"भाडेकरार आहे. अकरा महिन्यांचा, रीतसर नोंदवलेला."

"तो ठेवा. लाइट बिल कुठंय?"

लाइट बिल आणलं. त्यावर नाव घरमालकांचं नव्हतं, त्यांच्या वडिलांचंही नव्हतं. वडिलांनी ज्या गृहस्थांकडून फ्लॅट घेतला, त्यांचं होतं. गृहस्थ वारले, मीटर बदलला, भाडेकरू तर किती आले-गेले. बाराआकडी ग्राहक क्रमांकापुढे ते मात्र ठाण मांडून बसलेले. मी घरमालकांना फोन केला.

"काका, नाव बदलून घ्यायला हवं होतं."

"वीज येतेय ना? मग नाव कुणाचं का असेना!"

अस्सल पुणेरी उत्तर, त्यावर अपील नाही. गॅस येईपर्यंत पोहे, वरण-भात सगळं इंडक्शनवर. त्यामुळे त्या दिवंगत गृहस्थांचा वीजवापर एकदम वाढला. बिल मी भरतो, पावती त्यांच्या नावाने येते.

इंटरनेटचं काम ओटीपीवर भागलं. पाण्याला कागद लागत नाहीत, तिथे नशीब लागतं. पुण्याच्या उशाशी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं. पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं की लोक पुलावर उभे राहून ते बघतात, आणि आमच्यासारखे घरी येऊन टँकरची वाट बघतात. नळाला आत्ता कॉर्पोरेशनचं पाणी आहे, बोअरचं की टँकरचं, हे फक्त वॉचमनला ठाऊक. तो सुटीवर गेला की सोसायटी उकळून पिते.

पुरावा न मागणारेही भेटले. दूधवाल्याने दाराला पिशवी लावायला सांगितली आणि दुसऱ्या दिवसापासून दूध सुरू. इस्त्रीवाल्याने कानावरची पेन्सिल काढून तेलकट वहीत लिहिलं, "बी-302, नागपूर, शर्ट 5". पुण्यात आमचा पत्ता बिनशर्त मान्य करणारी पहिली वही ती. एजन्सीच्या बाईंना दाखवावीशी वाटली, पण हिने डोळे वटारले. शेवटी काकांनी कुरकुरत संमतिपत्र दिलं, सोबत टॅक्सची पावती जोडली, तेव्हा कुठे शेगडी पेटली.

तुम्ही बदलीवर येणार असाल तर गॅलरी, पार्किंग, मेट्रो किती लांब हे सगळं नंतर विचारा. आधी मालकाकडून ताजं लाइट बिल मागून घ्या आणि त्यावरचं नाव मोठ्याने वाचा. मालकाने 'ओ' दिली तरच टोकन द्या.