कडक औषध द्या, शनिवारी गॅदरिंग आहे

मुलांचा डॉक्टर चांगला की वाईट, हे ठरवायची आमच्या सोसायटीत एकच कसोटी आहे : पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक देतो की नाही? देणाऱ्याच्या हाताला गुण असतो. न देणारा नवशिका.

परवा नातवाच्या लसीसाठी अशाच एका नवशिक्याकडे गेलो होतो. तपासणीच्या खोलीचं दार उघडंच होतं. आपल्याकडे तपासणी ही सार्वजनिक बाब आहे. आत तीनेक वर्षांचे चिरंजीव. नाकाला दोन धारा, हातात बिस्किट आणि पायाने डॉक्टरांचं टेबल बडवणं चालू. प्रकृती चिंताजनक होती ती आईबाबांची. आईने मोबाइलवर शेंबडाचे फोटो दाखवले. सोमवारचा पांढरा, मंगळवारचा पिवळा, बुधवारचा हिरवा.

डॉक्टर म्हणाले, "सर्दीत रंग बदलतोच. रंगावरून अँटिबायोटिक ठरत नाही. ही व्हायरसची सर्दी आहे, त्यावर ते चालतच नाही. नाकात सलाइनचे थेंब घाला, ताप आला तर वजनाप्रमाणे पॅरासिटॅमॉल द्या. धाप लागली, बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, पाणीसुद्धा प्यायला तयार नसला, तर मात्र रात्री दोन वाजताही या."

"ते ठीक आहे," बाबा म्हणाले, "पण औषध?"

त्यांचंही बरोबर आहे. सहाशे रुपये मोजून 'थांबा' ऐकायचं? ते तर सिग्नलवर फुकट ऐकायला मिळतं. शिवाय शनिवारी गॅदरिंग, त्यात चिरंजीव गाजर होणार होते.

बालवाडीतल्या पोराला वर्षाला सहा-आठ सर्द्या होतात आणि त्या आपसूक जातात. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. पण चौथ्या दिवशी अँटिबायोटिकचं सिरप सुरू केलं आणि सातव्या दिवशी नाक थांबलं की सत्कार सिरपचा. त्याच सिरपने जुलाब लागले की आजी म्हणते, "औषध उष्ण पडलं." म्हणजे आता आणखी एक औषध.

गाजर नाचायला लागलं की कोर्स बंद. उरलेली बाटली फ्रिजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी. पाणी घालून कालवलेलं ते सिरप साधारण आठवडाभरच टिकतं, हे खोक्यावर छापलेलं असतं, खोका रद्दीत. गणपतीतली बाटली दिवाळीत धाकटीला, तेही अंदाजाने अर्धा चमचा. १९४५ साली नोबेल व्याख्यानात पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंगसाहेबांनी बजावलं होतं, की उद्या पेनिसिलिन दुकानात कुणालाही मिळेल, लोक अपुरा डोस घेतील आणि जंतू निर्ढावतील. आमचा फ्रिज न बघता माणसाने हे कसं ओळखलं, कोण जाणे. पुढे खरोखरचा टायफॉइड होतो तेव्हा लागतं त्या बाटलीतलंच औषध, आणि तोवर जंतूंशी त्याचा चांगला घरोबा झालेला असतो.

तर ते बाबा दवाखान्यातून निघाले ते थेट खालच्या मेडिकलमध्ये. पाठोपाठ मी, थर्मामीटरचा सेल घ्यायला.

"सेफिक्झिमचं सिरप द्या. मागच्या वेळी त्यानेच फरक पडला होता."

२०१४पासून असल्या औषधांची विक्री वहीत नोंदवावी लागते, डॉक्टरच्या आणि पेशंटच्या नावासकट, आणि वही तीन वर्षं जपावी लागते. दुकानदार कायदा पाळणारा. चिठ्ठी त्याने मागितली नाही, पण वही उघडली, पेन काढलं.

"साहेब, डॉक्टरांचं नाव काय टाकू?"

"वरच्यांचंच टाका," बाबा म्हणाले. "तपासलं तर त्यांनीच ना!"