चाफ्याची गाठ

अहो वहिनी, ऐकलंत का? नाही, आत नाही येत, गॅसवर डाळ आहे. इथूनच सांगते. ती जास्वंदीची फांदी जरा बाजूला धरा म्हणजे झालं.

रविवारचं प्रदर्शन हो! आणि तुम्ही नेमक्या माहेरी. अर्ध्या हॉलमध्ये फुलं, अर्ध्यात जुन्या वस्तू. ‘मिनी म्युझियम’ म्हणे! घंगाळ, जातं, कोणाच्या तरी आजीचं लाल लुगडं, आणि मधोमध शाळेतल्या मुलांनी केलेला थर्माकोलचा रहाट. पोहरे म्हणून आइस्क्रीमचे कप लावलेले. टॉवरमधलं एक पोर विचारतंय, ‘आई, जायंट व्हील आहे का?’ आमच्या ह्यांचा चेहरा बघायला हवा होतात. लहानपणी बैलामागे फिरून रहाट हाकलेला माणूस तो... काही बोलले नाहीत. चष्मा पुसत राहिले.

फीत कोणी कापली? नाव कशाला घ्यायचं, कोपऱ्यावरची बिल्डिंग कोणाची ते तुम्हाला ठाऊक आहे. आता नशीब बघा, फितीच्या समोरच बावखलांचा तक्ता. आणि ती चौथीतली चिमुरडी, हातात पट्टी घेऊन घडाघडा सांगतेय, पावसाचं पाणी बावखलात साठतं, ते विहिरींना पुरतं, म्हणून विहिरी खाऱ्या होत नाहीत. शेवटी म्हणते, ‘आमच्या आळीतलं कोपऱ्यावरचं बावखल आता बुजवलंय.’ पाहुण्यांनी कौतुकाने विचारलं, ‘अरेरे, कोणी?’ वहिनी, हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पोरगी बाईंकडे बघतेय, बाई छताकडे. पाहुणे म्हणाले, चहा घेऊ या. चहा यायला अजून अर्धा तास होता!

तर काय सांगत होते... हां, चाफा. पण त्याआधी आपले रिटायर्ड गुरुजी. त्यांनी सोपाऱ्याचे फोटो मांडलेले. तिथला बुरूड राजाचा कोट आपण येता-जाता रिक्षातून बघतो, उतरतो कधी? १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तो स्तूप उकरला. आत दगडाची पेटी, तिच्यात तांब्याचा डबा, त्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा, नि सगळ्यांत आत इवलासा सोन्याचा. आपण लेकीला लाडू देताना बांधतो ना डब्यात डबा, तस्संच! आणि त्या एवढ्याशा डबीत काय, तर मातीच्या भांड्याचे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणतात. शिवाय सोन्याची फुलं. मी म्हटलं, गुरुजी, आता कुठे आहे हे सगळं? तर मुंबईला, एशियाटिक सोसायटीत. भुईगावला १९५६ साली अशोकाच्या लेखाचा तुकडा सापडला, तोही गावात नाही. किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा तर १७३९ सालीच गेल्या. चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मग एक नाशिकच्या नारोशंकराकडे, एक मेणवलीच्या घाटावर. गुरुजी हळूच म्हणाले, ‘आपल्याकडे काय राहिलं, तर फोटो.’ त्यांच्या टेबलाशी आम्ही दोघंच होतो हो. गर्दी सगळी सेल्फी पॉइंटला.

तर चाफा! ‘घरच्या बागेतली फुलं’ असा विभाग होता. मागच्या बंगल्यातल्या मॅडमनी पितळी परातीत पाणी घालून सोनचाफा मांडलेला. काय घमघमाट! परीक्षक बाई दरवर्षी राणीच्या बागेतलं पुष्पप्रदर्शन न चुकता बघणाऱ्या. त्यांनी डोळे मिटून वास घेतला आणि पहिला नंबर देऊन टाकला. मॅडम म्हणाल्या, ‘काही नाही हो, रोज थोडं पाणी घालते, बोलते त्यांच्याशी.’ बोलते म्हणे! मी कुंपणावरून रोज बघते, तिथे एक तुळस धड जगत नाही. पण मी आपली गप्प.

तेवढ्यात आली भुईगावची मावशी. तीच हो, लाल लुगड्यातली, पहाटेच्या लोकलने टोपली घेऊन दादरला जाते ती. तिच्या नातवाचा रहाट बघायला आलेली. परातीपाशी थांबली, वाकली, आणि टेबलाखालून एक चुरगळलेलं पान उचललं. पुडीचं पान, वर केळीच्या सोपटाची गाठ. दोन वेढे, मग उलटा पीळ आणि टोक आत खोचलेलं. शेजारणीला कादोडी बोलीत काहीतरी म्हणाली. मला अर्धंच कळलं, पण बायका फिस्सकन हसल्या. मग मावशी आपल्या मराठीत म्हणाली, ‘ही गाठ माझी. सासूने शिकवलेली. शनिवारी पहाटे बांधली मी.’

मॅडमचा चेहरा... काय सांगू! तिकडे मिस्टर मोबाइलमध्ये डोकं खुपसून. शनिवारी संध्याकाळी दादरला उतरून त्यांनीच आणलेली की! म्हणजे बघा, फुलं पहाटे वसईहून दादरला गेली, रात्री दादरहून वसईला आली, आणि सकाळी ‘घरची’ म्हणून पहिली!

मला वाटलं, आता मावशी भांडणार. आम्ही सगळ्या पुढे सरकलो, खोटं कशाला बोलू. पण तिने एवढंच विचारलं, ‘दादरला पुडी कितीला मिळाली?’ मॅडमनी खालमानेने आकडा सांगितला. आणि वहिनी, तेव्हा मावशीचा चेहरा जो पडला ना, तो मॅडमच्याहून वाईट. तिच्या हातात त्यातले किती पडतात ते तिलाच माहीत. पान घडी करून तिने कनवटीला लावलं नि नातवाचा रहाट फिरवायला गेली.

मॅडम कालपासून बाल्कनीत दिसल्या नाहीत. आणि मी काय केलं सांगू? मावशीला म्हटलं, दादरला जायच्या आधी आमच्या दारावरून जा. दर सोमवारी दोन पुड्या, दादरच्या भावाने. तुमची एक धरू ना?