पितळेचा सोस

अमेरिकेतली हेन्री कंपनी लिव्हर ओढून चालवायच्या रायफली बनवते. ‘बनली तर अमेरिकेत, नाहीतर बनणारच नाही’ असा तिचा बाणा. २०२३ मध्ये तिनं पहिल्यांदाच रिव्हॉल्व्हर काढलं आणि बंदूकशौकिनांच्या गोटात मुलगी बघायचा कार्यक्रम सुरू झाला. रंग छान आहे, पण नाकाचं काय?

चापाभोवती आणि मुठीच्या मागे पितळ, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, चार इंची नळी, सहा गोळ्या. रूप काउबॉयच्या कमरेचं, पण आतली रचना डबल अ‍ॅक्शन, म्हणजे चाप ओढताच घोडाही चढणारी. गोळ्यांचं चाक बाहेर झुलणारं. इथंच सगळं बिनसलं. जुन्याचे भक्त म्हणाले, हा बाटलेला काउबॉय. नव्याचे भक्त म्हणाले, इतकं आधुनिक आहे तर नेम धरायची मागची खाच तरी सरकती द्यायची! याच मंडळींनी याच कंपनीकडे रायफलीच्या कुशीतून गोळ्या भरायची सोय वर्षानुवर्षं मागितली होती. ती मिळाली तेव्हाही काहींचं तोंड वाकडंच.

सर्वांत गोड तक्रार हेन्रीची परंपरा बुडाल्याची. बेंजामिन टायलर हेन्रीनं रायफलीचं पेटंट घेतलं १८६० मध्ये. ही कंपनी निघाली १९९६ मध्ये, ब्रुकलिनला. दोघांत नातं फक्त नावाचं. म्हणजे जी परंपरा बुडाल्याचा शोक चालला होता, ती तेव्हा जेमतेम पंचविशी ओलांडलेली.

२०२३ मध्ये रिव्हॉल्व्हरची जाहीर किंमत होती ९२८ डॉलर. गोळ्यांचा खर्च वेगळा. नावं ठेवणं मात्र फुकट.