कुठे दाटतंय?

आमच्या आणि शेजारच्या वहिनींच्या अंगणांमधली भिंत छातीपर्यंतच आहे. बांधणाऱ्याने सिमेंट वाचवलं असेल, पण आमचं भलं झालं. पंधरा वर्षांत तिच्यावर कोपर टेकायच्या दोन जागा गुळगुळीत झाल्यात, एक इकडून, एक तिकडून.

परवा सकाळी कढीपत्ता तोडायला गेले तर वहिनी आधीच येऊन उभ्या. चेहरा उतरलेला. माझ्या पोटात गोळा आला, म्हटलं आता ब्लाऊजचं विचारणार. वहिनी घरी शिवण घेतात. आठच दिवसांपूर्वी त्यांनी माझ्या पैठणीवरचा ब्लाऊज शिवून दिला होता आणि "अगदी छान झालाय हो" असं म्हणून, पैसे देऊन मी मोकळी झाले होते. पण विषय निघाला भलताच.

"काकू, तुमचा पुण्याचा मुलगा गेमच बनवतो ना?"

"बनवतो कुठला, तपासतो. दुसऱ्यांनी बनवलेल्या गेममधल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. लहानपणी माझ्या आमटीतल्या काढायचा, तेव्हा फुकट होतं."

वहिनी हसल्या नाहीत. इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "आमच्या धाकट्याने काय लिहिलंय माहितेय? मोबाईल चार्जिंगला लावलेला, उघडाच राहिला. गेम बनवणाऱ्यांना लिहिलंय. आईबहीण सगळं आलं त्यात. वर आणि 'तुमचं ऑफिस कुठे आहे ते मला ठाऊक आहे'! ह्याला कोपऱ्यावरची पिठाची गिरणी ठाऊक नाही, ऑफिस कुठलं ठाऊक असणार!"

"एवढं झालं तरी काय होतं?"

"बंदूक हळू केली म्हणे."

मला हसू आवरेना. म्हटलं, वहिनी, ह्याला ही मुलं 'नर्फ केलं' म्हणतात. एखादी बंदूक फारच भारी निघाली की जो तो तीच उचलतो आणि बाकीच्यांची मजा जाते. मग बनवणारे तिची धार थोडी कमी करतात. शाळेत रस्सीखेचीला सगळे दांडगे एकाच बाजूला गेले की मास्तर एकाला कानाला धरून इकडे आणायचे, तसं. आणि त्या दांडग्यांना जितका राग यायचा, तितकाच ह्यांना येतो.

"म्हणून ऑफिसचा पत्ता काढायचा?"

"तुमचा त्यातल्या त्यात बरा म्हणायचा. २०१३ सालचं सांगते. कॉल ऑफ ड्यूटी म्हणून बंदुकांचा मोठा गेम आहे, त्यातला ब्लॅक ऑप्स २. लांबून नेम धरायच्या एका बंदुकीच्या दोन गोळ्यांमध्ये ०.२ सेकंद जायचे, ते ०.४ केले. दुसरीचा १ सेकंद होता, तो १.१ केला. झालं! त्या कामावर होते डेव्हिड वॉन्डरहार, त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या. बायकामुलांपर्यंत गेले लोक."

वहिनींनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे दशांश दोन सेकंद?"

"गॅसचा लायटर एकदा खटकतो ना, तेवढ्यात."

"मेलं तोंड ह्यांचं." मग थोडं थांबून, आईच ती शेवटी, "पण काकू, चुकलं असेल तर बोलायचंच नाही का? पैसे घेतात की. आमच्या ह्याने वाढदिवसाचे सगळे पैसे त्यात घातले."

ह्यावर मी सरसावून बसले असते, पण भिंतीला बसायला जागा नाही. सरसावून उभी राहिले. माझा मुलगा सकाळी चहाबरोबर पहिल्यांदा लोकांची गाऱ्हाणीच वाचतो. 'कचरा गेम', 'पैसे परत द्या', 'बनवणाऱ्याला बदला'. त्यात करण्यासारखं काही सापडत नाही, म्हणतो. पण मागे एकदा एका पोराने लिहिलं होतं, 'तिसऱ्या पुलावरून उडी मारताना फोन आला आणि मी तो उचलून परत आलो की माझा माणूस पाण्याखालून चालायला लागतो.' ते वाचून हा खुर्चीतून उठून नाचला म्हणे. पंधरा दिवस सगळे तेच शोधत होते. कुणाला सापडत नव्हतं, कारण तपासताना ह्यांना कुणी फोनच करत नाही! आणि तो पोरगाही काही गोड बोलला नव्हता. शेवटी लिहिलं होतं, 'झोपा काढता का?'

"हे तर आमच्या धंद्यासारखंच झालं," वहिनी म्हणाल्या आणि पहिल्यांदा चेहरा मोकळा झाला. "एक बाई येते आणि चारचौघींत सुरू, वाट लावलीस माझ्या कापडाची, तुला सुई धरायची अक्कल नाही. अगं पण झालं काय? ते सांगत नाही. काखेत दाटतंय एवढं सांग ना. शिवण उसवायची, आतली माया सोडायची, दहा मिनिटांचं काम. दुसरी त्याहून शहाणी. ती सांगते टक इथे घे, गळा असा काप, बाही तिरकी लाव. दाटतंय कुठे ते तुझ्याच अंगाला कळणार, मला नाही. पण कात्री कुठून चालवायची ते माझ्यावर सोड की!"

"माझा मुलगा अगदी हेच म्हणतो. खेळणाऱ्याला टोचतं कुठे ते अचूक कळतं. उपाय मात्र तो बहुतेक वेळा भलताच सांगतो."

"आणि तिसरी," वहिनी म्हणाल्या, "ती तोंडावर छान म्हणते आणि पुढच्या वेळी कापड दुसरीकडे टाकते."

मी कढीपत्ता निवडायला लागले. निवडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

विषय बदलावा म्हणून केकची गोष्ट काढली. ही मला फार आवडते. कॅनडात एडमंटन म्हणून गाव आहे, तिथे बायोवेअर ही कंपनी. तिचा मास इफेक्ट ३ हा गेम मार्च २०१२ मध्ये आला. आधीचे दोन भाग माणसांनी मन लावून खेळलेले. कुणाला वाचवायचं, कुणाशी सोयरीक करायची, सगळं खेळणाऱ्याने ठरवायचं, आणि ते पुढच्या भागात लक्षात ठेवलं जायचं. पाच वर्षांचा संसार म्हणा ना! आणि शेवटी काय, तर तीन शेवटांतून एक निवडा. तिन्ही जवळजवळ सारखे, नुसता उजेडाचा रंग वेगळा. एक लाल, एक निळा, एक हिरवा.

"अगंबाई! मालिकेचा शेवट गुंडाळतात तसं."

"तसंच. मग काही चाहत्यांनी वर्गणी काढली आणि कंपनीला चारशे कपकेक पाठवले. वरचं क्रीम लाल, निळं, हिरवं. आत सगळे व्हॅनिलाचेच!"

वहिनींना कळायला क्षणभर लागला आणि मग त्या इतक्या हसल्या की तुळशीवरची चिमणी उडाली. "म्हणजे रंग कुठलाही घ्या, चव एकच!"

बघा, एक शिवी नाही, पण झोंबलं असणार चांगलंच. उलट मला तर वाटतं शिवीपेक्षा जास्त झोंबलं. त्याच चाहत्यांनी आजारी मुलांना खेळणी आणि गेम देणाऱ्या चाइल्ड्स प्ले ह्या संस्थेसाठी ८० हजार डॉलर जमवले, तेही ह्याच नाराजीच्या नावाने. कंपनीने केक एडमंटनमधल्याच मुलांच्या आश्रयगृहात देऊन टाकले. जूनमध्ये शेवट वाढवून, नीट उलगडून दिला, फुकट. एकट्या केकची ती करामत नव्हे, ओरडा सगळीकडूनच होता. पण नेमकं काय खटकलं ते केकने दाखवलं.

"आणि शिव्या?"

"त्याही होत्या. त्याच वर्षी, त्याच कंपनीतल्या एका लेखिकेला. कितीतरी वर्षांपूर्वी ती एका मुलाखतीत म्हणाली होती की मारामारी ओलांडून नुसती गोष्ट खेळता आली तर मला आवडेल. एवढंच. ते कुणीतरी उकरून काढलं आणि तिला घाणेरड्या मेल, घरी फोन. बाईमाणूस म्हटल्यावर जे काय बोलायचं ते सगळं बोलले." वहिनींनी पदर खांद्यावर घेतला, काही बोलल्या नाहीत. आम्हा दोघींनाही त्याबद्दल वेगळं काही सांगायची गरज नव्हती.

पण वहिनी वकिलाची लेक आहेत, सहज सोडत नाहीत. म्हणाल्या, "काकू, केकबिक ठीक आहे. आपल्याकडे नळाला पाणी नव्हतं तेव्हा तुम्हीच होतात ना हंडा मोर्चात पुढे? गोड बोलून आलं होतं का पाणी?"

त्यांचंही खरं होतं. हेलडायव्हर्स २ चं तसंच झालं. स्टॉकहोमच्या कंपनीचा गेम, फेब्रुवारी २०२४ चा, विकणारी सोनी. मे महिन्यात सोनीने फर्मान काढलं की कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांनी आमचं खातं उघडून जोडायलाच हवं. आता ते खातं कितीतरी देशांत अधिकृतपणे उघडताच येत नाही. गेम विकत घेतलेला, आणि उद्या दार बंद! लोकांनी दुकानाच्या पानावर नापसंतीचा पाऊस पाडला, दोन लाखांच्या वर. तिसऱ्या दिवशी सोनीने माघार घेतली. त्या नापसंतीचा आलेख म्हणजे सरळ खाली गेलेले लांबलचक लाल खांब. तीच नक्षी त्या कंपनीने पुढे गेममधल्या सैनिकांच्या पाठीवरच्या झग्यावर काढली! माझ्या मते ह्याला म्हणतात खिलाडूपणा. आपल्या नगरपालिकेने मोर्च्यातला हंडा चिन्ह म्हणून घेतलाय का कधी?

"मग झालं तर! आरडाओरडा वाईट नाही."

"मोर्चा वाईट नाही हो. मीही हंडा बडवला. पण नगरसेवकाच्या डोक्यात नाही घातला."

"घालावासा वाटला होता," वहिनी म्हणाल्या.

"तो प्रश्नच वेगळा."

तिकडे वहिनींचा कुकर ओरडला. त्या बंद करून आल्या आणि कोपर परत जागेवर. मी तोपर्यंत नो मॅन्स स्काय आठवून ठेवला होता, कारण माझा मुलगा ह्या गोष्टीवर तासभर बोलू शकतो आणि फोनवर मी ती तासभर ऐकलेली आहे. इंग्लंडात गिल्डफर्डला हॅलो गेम्स म्हणून छोटी कंपनी, पंधराएक माणसं. मुख्य शॉन मरी. त्यांनी सांगितलं, आमच्या गेममध्ये ग्रह इतके, की १८ वर १८ शून्यं. माणसं वेडी झाली. २०१६ च्या जूनमध्ये यायचा गेम ऑगस्टवर ढकलला, तर नुसत्या तारखेवरून ठार मारायच्या धमक्या. अजून कुणी खेळलेलाही नव्हता! आणि आला तेव्हा वेगळाच घोटाळा. दोघे जण पहिल्याच दिवशी ठरवून एकाच ग्रहावर, एकाच जागी गेले, आणि एकमेकांना दिसलेच नाहीत.

"म्हणजे इथे लोकांचा राग खरा होता."

"खरा होता. बोललं खूप होतं, पानात कमी वाढलं. पण पुढचं ऐका. कंपनीने तोंडच मिटलं. भांडली नाही, सफाई दिली नाही. तीन महिन्यांनी, नोव्हेंबरात, पहिली मोठी भर. मग दुसरी, तिसरी. जुलै २०१८ मध्ये माणसं एकमेकांना नीट दिसायला लागली. सगळं फुकट. २०१९ मध्ये त्याच चाहत्यांनी वर्गणी काढून त्यांच्या ऑफिसजवळ आभाराचा फलक लावला आणि उरलेले पैसे सिडनीच्या मुलांच्या हॉस्पिटलला दिले."

"पण ज्यांनी धमक्या दिल्या होत्या, त्यांनी?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या मुलाकडेही नसावं. तो एवढंच म्हणतो की शिव्यांच्या ढिगात खरी गाऱ्हाणी पुरली जातात. दोनशे घाण ओळी वाचल्यावर दोनशे एकावी, ती पुलाची, नजरेतून सुटते. त्याच्या एका मैत्रिणीने वाचायचंच सोडलं. आणि ह्या सगळ्यांपेक्षा तो कुणाला घाबरतो, तर जे काही न बोलता गेम काढून टाकतात त्यांना. शिवी देणारा निदान खेळतो तरी आहे.

तेवढ्यात धाकटे चिरंजीव दात घासत बाहेर आले. बारावीचं पोर, मिशी फुटतेय, आईने मला सांगितलंय हे एका नजरेत ओळखलं आणि परत आत वळायला लागलं.

"थांब रे," मी म्हटलं. "बंदूक हळू केली ना? त्याचं काय टोचतंय तुला?"

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग तोंडातला फेस टाकून म्हणाला, "हळू केली त्याचं काही नाही काकू. पण आता गोळ्या भरताना मध्येच बसलं की भरणं पहिल्यापासून सुरू होतं. आधी तसं नव्हतं. तेवढ्यात समोरचा मारून जातो."

"हे लिहिलंस?"

"नाही."

"का?"

"राग आला होता."

"मोबाईल कुठला, कुठल्या अपडेटनंतर, बसून किती वेळाने, सगळं लिही. माझा मुलगा असल्या ओळीवर नाचतो." आणि त्याला पुलाच्या पोराची गोष्ट सांगितली, 'झोपा काढता का' सकट. तो आत गेला. आईकडे बघितलं नाही, पण दार आपटलं नाही.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "काकू, पैठणी नेसलात का हो? त्या बारशाला जायचं होतं ना?"

"नेसले."

"ब्लाऊज?"

मी म्हणणार होते, छान. तोंडापर्यंत आलं होतं. "डाव्या काखेत दाटतोय," मी म्हटलं. "हात वर होत नाही. बारशात पाळण्याची दोरी उजव्या हातानेच ओढली."

वहिनींचा चेहरा लाल झाला. "आठ दिवस झाले! आठ दिवस तुम्ही रोज इथे उभ्या राहता!" मग हात पुढे केला. "आणा इकडे. आत्ता."

ब्लाऊज भिंतीवरून गेला. त्यांनी तो उलटा केला, शिवण अंगठ्याखाली चाचपली. "माया आहे आत. अर्धा इंच सहज सुटेल." खिडकीतली टाचणी काढून दातात धरली, तोच आतून हाक आली.

"आई! 'झोपा काढता का' एवढं ठेवू ना?"

तोंडात टाचणी असल्यामुळे वहिनींना बोलता येईना. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"असू दे रे तेवढं," मी म्हटलं.